एक नंबरची खोली

काल तुझे दिवस संपले, गंधमुक्ती झाली, मनोहर. पंगती उठल्यावर मी तुझ्या भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसलो होतो. तुझ्याबरोबर गार्डाची नोकरी केलेला तो उंच, घोगऱ्या आवाजाचा शिंदे शेजारी येऊन टेकला. थोडा वेळ तुझ्याबद्दल बोलला आणि मग म्हणाला, "भाऊ, दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन सातपुड्यातल्या त्या जुन्या बंगल्यावर जायचं मनात आहे. तिथं कसं राहायचं ते मनोहर नेहमी सांगायचा. आता तुम्हीच सांगा."

मी सांगायला लागलो. अर्ज दीड महिना आधी टाक. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोड, नाहीतर कारकून अर्ज तसाच ठेवतो. शिधा आपला न्यायचा, खानसामा फक्त शिजवून देतो. मीठ विसरू नकोस, वर मीठ मिळत नाही. रॉकेलचा डबा घट्ट बुचाचा घे. रावेरहून निघायला उशीर करू नको, दिवस मावळायच्या आत फाटकात शिरायचं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. वाघ दिसतो का, असं कुणाला विचारायचं नाही, विचारणाऱ्याला शेळीसुद्धा दिसत नाही.

शिंदे हसला. म्हणाला, "हुबेहूब मनोहरच बोलतोय असं वाटलं."

मी हात धुवायचं निमित्त करून उठलो.

खरंच होतं ते. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. माझं काय होतं त्या बंगल्यात? मी बैलांच्या बाजारातला माणूस. पारोळ्याच्या बाजारात दुसऱ्यांचे बैल हाकण्यापासून सुरुवात केली, मग दलाली, मग धुळ्याला जुने ट्रॅक्टर घेणं-विकणं. सुट्टी म्हणजे काय हे मला तू शिकवलंस. आपण साडू. तुझी सुमन माझ्या बायकोची धाकटी बहीण. साडू-साडूंचं जमत नाही म्हणतात, एक दुसऱ्याच्या जेवणातली तुपाची धार मोजतो म्हणतात. आपलं जमलं. तू मला अहो-जाहो करायचास, भाऊ म्हणायचास, आणि वर्षातून एकदा, थंडीत, तीन दिवस मला तिथं ओढून न्यायचास.

पहिल्या वेळी मी वैतागलो होतो ते तुला आठवत असेल. इंग्रजाच्या वेळचा बंगला म्हणून तू इतकं सांगितलं होतंस की मला वाटलं, झुंबरं असतील. बघतो तर उतरती कौलं, जाड भिंती, सागाच्या दारांना पितळी कड्या, आणि न्हाणीघरात जस्ताचा एक टब, म्हशीला पाणी पाजायला बरा. वीज नाही. पलंगाच्या वर छताला लोखंडी कड्या. त्याला कापडी पंखा टांगायचे आणि बाहेर बसून एक माणूस तो ओढायचा, असं तू सांगितलंस. मी विचारलं, "ओढणारा कुठं झोपायचा?" तू म्हणालास, "भाऊ, हे विचारणारे तुम्ही पहिले."

दोनच खोल्या. दोन नंबरची स्वयंपाकघराला लागून, धुराच्या वासाची. एक नंबरची पूर्वेच्या टोकाला. तिच्या खिडकीतून खालचा नाला आणि पलीकडची चाटण, म्हणजे जनावरं जिथं खारट माती चाटायला येतात ती जागा, सरळ दिसायची. पहिल्याच दिवशी तू एक नंबर मला दिलीस आणि स्वतः धुरात राहिलास. मी नाही म्हटलं नाही. बाजारात कुणी चांगलं पुढं केलं तर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

संध्याकाळी आपण व्हरांड्यात बसलो आणि मी नेहमीच्या आवाजात बोलू लागलो. खानसामा गफूरचाचा आतून आला, तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "शेठ, इधर जंगल सुनता है." मी म्हटलं, "मग बसून करायचं काय?" तेव्हा मीच ती युक्ती काढली. गळ्यातला मोठा रुमाल दोन खुर्च्यांच्या मधे टाकला आणि तुझा हात त्याच्याखाली घेतला. बैलबाजारात भाव असाच ठरतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी तुला म्हटलं, एक बोट धरलं तर चितळ. दोन म्हणजे सांबर. तीन म्हणजे नीलगाय. चार म्हणजे अस्वल. पूर्ण पंजा धरला तर वाघ.

तुला ते इतकं आवडलं की बोट धरायला काही तरी यावं म्हणून तू चितळाची वाट बघायला लागलास. नऊ वर्षं आपण तसे बसलो. पंजा एकदाच धरलास. मी डोळे ताणून बघतो तर गफूरचाचाची तांबडी गाय नाल्यातून वर येत होती. तू खुर्चीत दुमडून हसत होतास, आवाज न करता. तसं हसताना मी दुसरा कुणी पाहिला नाही.

बाजाराचे सगळे कायदे तू मला विचारून घेतलेस. सौदा पटला तर काय? धरलेलं बोट दोनदा दाबायचं. नाही पटला तर? हात ओढून घ्यायचा. आणि ओढल्यावर पस्तावा झाला तर? मी सांगितलं, बाजार उठायच्या आत, सूर्य असेतो हात परत घालता येतो. समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. "हे बरं आहे," तू म्हणालास. "रेल्वेत असं नाही. गाडी सुटली की सुटली."

तुझेही कायदे होते. मी गफूरचाचाशी कोंबडीवरून घासाघीस करायचो तेव्हा तू उठून नाल्याकडे चालू लागायचास. एकदा म्हणालास, "भाऊ, या जंगलात त्याच्याशिवाय दुसरं दुकान नाही आणि तुमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. कशाला ताणता?" मी म्हटलं, ताणलं नाही तर त्याला वाटेल मी झोपलोय. आणि एक कायदा तू दरवर्षी निघताना सांगायचास. बंगल्यात अभिप्रायाची वही असते, तिच्यात तक्रार कधी लिहायची नाही. वरचा साहेब कधीतरी वाचतो आणि जाब खानसाम्याला पडतो. चांगलं लिहा, नाहीतर फक्त नाव आणि तारीख लिहा.

आता त्या दिवसाचं. तू असतास तर इथं म्हणाला असतास, भाऊ, राहू द्या. पण मी राहू देणारा माणूस नाही, ते तुला ठाऊक होतं.

दहाव्या वर्षी आपण पहिल्यांदा बायकांना नेलं. माझ्या बायकोला मी नऊ वर्षं त्या खिडकीचं सांगत होतो. पहाटे धुकं कसं उचलतं आणि आधी शिंगं दिसतात, मग चितळ. ती म्हणायची, तुमच्या तोंडून भाव सोडून पहिल्यांदा काही ऐकतेय. अर्जाचं मंजुरीपत्र माझ्या खिशात होतं, शिक्क्याचं, माझ्या नावाचं, खोली क्रमांक एक. जीप वाटेत दोनदा तापली म्हणून आम्ही मागे पडलो. तू आणि सुमन एसटीने आधी पोहोचला होतात. मी बंगल्याच्या आवारात शिरलो तर एक नंबरच्या दारात सरकारी गाडी उभी. कुणी साहेब दौऱ्यावर आला होता, त्याची म्हातारी आई दारात खुर्चीवर बसून मोसंबी सोलत होती. तू पुढं आलास आणि म्हणालास, "भाऊ, एक नंबर मी त्यांना दिली. त्यांच्या आईला दमा आहे. आपण दोन नंबरमध्ये जमवू."

मला काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. मी लहानपणापासून उठवला गेलेला माणूस आहे. बैल हाकायचो तेव्हा धर्मशाळेच्या ओट्यावरून उठवलं, बाजाराच्या गावी देवळाच्या पायरीवरून उठवलं, कुणी मोठा आला की पोरा उठ. त्या दिवशी माझ्या खिशात शिक्का होता, शेजारी बायको उभी होती, आणि मला उठवणारा तू होतास.

मी चिडलो की माझी गावची बोली बाहेर येते. "मनी खोली देवावाला तू कोन?" मी ओरडलो. "तुले कोनी सांगं?"

तू म्हणालास, "भाऊ, हळू. आत म्हातारं माणूस आहे."

बायकोने माझा दंड धरला. "एक रातना सवाल शे. ऱ्हाऊ द्या ना."

तुझ्या त्या "हळू"नेच मी जास्त पेटलो. मी जे बोललो ते तू विसरला नसशील, मीही विसरलो नाही. शेवटच्या डब्यात बसून हिरवी झेंडी हलवण्यात तुझी जिंदगी गेली, म्हणालो. पुढं काय आहे ते तुला कधी दिसलंच नाही. दुसऱ्याला वाट देणं एवढंच तुला येतं, ते स्वतःच्या घरचं दे, माझं देऊ नको.

सुमन स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. मी आत जाऊन वही उघडली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं की खोली क्रमांक एक आरक्षित असूनही देण्यात आली नाही. सही केली. बायकोला जीपमध्ये बसवलं आणि दिवस मावळता मावळता घाट उतरलो. निघताना मला व्हरांड्यात एक वळकटी पसरलेली दिसली. तुझी. मला वाटलं, बरोबर आहे, गार्डाला मागच्या बाजूला झोपायची सवयच आहे.

रावेरला चहा घेताना बायको म्हणाली, "खिडकी ऱ्हायनी."

मी धुळ्याला येऊन धंद्याला लागलो. दसरा झाला की तुझं पोस्टकार्ड यायचं. पहिल्या वर्षी लिहिलंस, "भाऊ, अर्ज टाकू का? सुमनचा अक्कांना नमस्कार." दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी, "फक्त हो किंवा नाही कळवावे." मी तिन्ही वाचली आणि दुकानाच्या खणात टाकली. मी मनात म्हणायचो, आधी कबूल कर की चूक झाली, मग बघू. गिऱ्हाइकाला मी असंच थांबवतो. जो थांबतो त्याचा भाव वाढतो, हे मी चाळीस वर्षं पाहिलंय. पण माझ्या धंद्यात थांबवलेली वस्तू ट्रॅक्टर असते, मनोहर. तो उभा राहतो. गंजतो, पण उभा राहतो.

बायकांचं येणं-जाणं मात्र चालू होतं. दोघी बहिणी जळगावला मामाकडे भेटायच्या, आमचा विषय काढायच्या नाहीत. एकदा बायको परत येऊन म्हणाली, "मनोहरभाऊजी विचारत होते, तुमचा खोकला कमी झाला का." मी म्हटलं, "त्याला सांग, झाला." हेच आपलं तीन वर्षांतलं एकमेव बोलणं.

काल गफूरचाचा आला होता. दोन एसटी बदलून, हातात चारोळीची पिशवी. ती त्याने सुमनच्या हातात दिली. मला बघून आधी जरा बिचकला. मी त्याला चहा दिला. म्हटलं, चाचा, त्या वहीतल्या लिहिण्याचं काही झालं होतं का? तो म्हणाला, जाब मागितला होता. उत्तर तू लिहून दिलं होतंस, सुंदर अक्षरात, खानसाम्याचा दोष नाही, आमच्या आपसांतला गैरसमज होता, म्हणून. हे मला माहीत नव्हतं.

मग तो म्हणाला, "शेठ, आपको आज तक मालूम नहीं? उस दिन साहेब दोनो कमरे मांग रहे थे."

मला समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं. दौऱ्यावरचा साहेब आला की बाहेरच्यांचं आरक्षण रद्द होतं, तसं मंजुरीपत्रावर खाली बारीक अक्षरात छापलेलंच असतं. साहेबाबरोबर माणसं होती, त्यांना दोन्ही खोल्या हव्या होत्या. तू मधे पडलास. आईचा दमा बघितलास, एक नंबरला पायऱ्या नाहीत हे साहेबाला दाखवलंस, ती त्यांना घ्यायला लावलीस, आणि दोन नंबर सोडवलीस. त्यांची माणसं चाचाच्या घरी झोपली. दोन नंबर माझ्यासाठी आणि माझ्या बायकोसाठी होती. तू आणि सुमन व्हरांड्यात झोपणार होतात. ती वळकटी त्यासाठी होती.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

चाचा म्हणाला, "मैं बोला था. मनोहरसाब बोले, भाऊ को मत बोलना. भाऊ साहेब से भिड जाएंगे, और कल को तुम पे आएगी."

म्हणजे तिथं सौदा झाला होता. हातात काही नसताना, समोर सरकार असताना, अर्धा माल सोडवून आणलेला सौदा. मी असतो तर दोन्ही खोल्या घालवल्या असत्या आणि खानसाम्याची नोकरीही. चाळीस वर्षं बाजारात घालवून मला तो दिसला नाही.

पण ऐक, मी अजून भांडणार आहे. मला सांगायला हवं होतंस. त्या दिवशी नाही, तर घाट उतरल्यावर. पोस्टकार्डावर अर्ज टाकू का विचारतोस, एक ओळ जास्त लिहायला काय झालं होतं? तुला वाटलं असेल, भाऊंना कमीपणा येईल. माझ्या रागाला तू इतका सांभाळलास की मला तीन वर्षं त्याच्यातच ठेवलंस. याचा मला राग आहे, आणि आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही. शिंदेवर काढता येत नाही. चाचावर काढता येत नाही. बायको माझ्याकडे बघते आणि दुसरीकडे बघते.

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो.

तुला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, जळगावच्या दवाखान्यात ठेवलंय असा निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी आलो. बायको आधीच सुमनजवळ होती. त्या दोघी चहाला खाली गेल्या आणि आपण दोघंच उरलो. तू माझ्याकडे बघितलंस. मी उन्हाचं बोललो, एसटीच्या गर्दीचं बोललो, दवाखान्याच्या जिन्याचं बोललो. बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो. तू चांगल्या हाताने माझा हात धरलास आणि हळूहळू चादरीखाली ओढून घेतलास. मला वाटलं, थंडी वाजतेय. मग तुझी बोटं माझ्या बोटांवर फिरली, नेमकी, बाजारातल्यासारखी, आणि तू एक बोट धरलंस. एकच.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली असेल? एक नंबरची खोली. मरणाच्या दारातही हा त्या खोलीचंच काढतोय, असं मला वाटलं. आता माफी मागतोय, की अजून माझी जिरवतोय? तीन वर्षांचं सगळं वर आलं. मी हात ओढून घेतला. "संध्याकाळी येतो," म्हटलं आणि उठलो.

दारापाशी वळून बघितलं. तुझा हात चादरीखाली तसाच होता, उघडा, थोडा वर उचललेला.

मी पाचोऱ्याला गेलो. तिथं एक ट्रॅक्टर बघायचा होता. इंजिन उघडून बघितलं, टायर बघितले, मालकाशी नेहमीसारखा भांडलो. पण त्या माणसाचं बोलणं माझ्या कानापर्यंत येत नव्हतं. मधेच माझ्या लक्षात आलं की खोल्यांसाठी आपण कधी बोटं वापरली नव्हती. नऊ वर्षांत एकदाही नाही. एक बोट म्हणजे चितळ. एवढंच. नाल्यापलीकडे काहीतरी आलंय, भाऊ, बघा. किंवा तेही नसेल. नुसतं, बसा थोडं.

सौदा अर्धा टाकून मी निघालो. आयुष्यात पहिल्यांदा. भेटायची वेळ पाचची होती आणि पाचला मी जिन्यात होतो. रुमाल गळ्यातून काढून हातात घेतला होता. येताना ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, चादरीखाली हात घालायचा, बोट धरायचं आणि दोनदा दाबायचं.

वर सुमन भिंतीला टेकून बसली होती, आणि माझी बायको तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

खिडकीत ऊन होतं, मनोहर. सूर्य मावळायला तासभर होता. बाजार उठला नव्हता. तू उठून गेला होतास.